कातडी का सुटत होती

आये, तुझी कातडी का सुटत होती ते मला आता नीट कळतं. रोज आपल्या चांदे गावातून निघते, हिंजवडीच्या गर्दीत तासभर अडकते आणि दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते. कातडीतल्या पेशी एकमेकींना धरून असतात. त्यांच्या अंगावर प्रथिनांचे रेणू असतात, तेच एकमेकांत गुंततात. तुझ्या रक्तानं त्याच रेणूंना शत्रू ठरवलं होतं. पेशी सुट्या होत, मध्ये पाणी भरे, फोड येई. तुला शिवून कुणाला काही झालं नसतं. देवीचा कोप म्हणणाऱ्या वाडीतल्या एकेकीला हे तोंडावर सांगायचंय मला.

गोधडी पाठीला चिकटायची, म्हणून बाबा केळीची पानं कापून आणायचे आणि तेल लावून तुझ्याखाली अंथरायचे. पौडच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं, गोळ्या सुरू झाल्या, फोड वाळले. पण गोळ्यांनी तोंड सुजलं. मी पाचवीत होते. तू शाळेत डबा घेऊन आलीस, पोरी हसल्या, आणि मी म्हणाले, "हितं येऊ नगंस. भोपळ्यावानी तोंड झालंय तुजं." तू म्हणालीस, "बरं, न्हाई येत." महिन्याभरात फोड परत आले, पिकले, ताप चढला. तू गेल्यावर तांदळाच्या कणगीत गोळ्यांची पाकिटं सापडली. शाळेतल्या त्या दिवसापासून तू एकही घेतली नव्हतीस.

आता वरच्या वाडीतल्या एका बाईला तोच आजार झालाय. तिच्या कातडीचा तुकडा मीच तपासला. बरं वाटतंय म्हणून तिला गोळ्या सोडायच्या आहेत. "तोंड बगा की माजं, ताई. लई झालं आता," म्हणते. मी दर रविवारी चढून जाते. डॉक्टर हळूहळू कमी करतील, आपल्या मनानं एकदम थांबवायच्या नाहीत, हे पुन्हा पुन्हा सांगते. तू सोडल्यास आणि गेलीस, तेही सांगितलंय. माझ्यासमोर गोळी गिळायला लावते. तिनं हाकललं तरी जाणार आहे. या बाईला मी मरू देणार नाही.

गेल्या रविवारी तिनं विचारलं, "तुमच्या आयनं का सोडल्या वं?" शेजारी तिची लेक बसली होती, शाळेच्या कपड्यात, आईकडे न बघता. मी म्हणाले, "बरं वाटलं म्हणून."

उद्या रविवार आहे. त्या पोरीसमोर खरं सांगणार आहे. हा कागद कुठं धाडायचा नाही, आये. खरं कारण आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तोंडातून निघतंय का ते आधी तुझ्यापाशी बघितलं.