दर शर्यतीला एक नाव

डहाणू, शनिवार, १३ जानेवारी २०१८

चिकूच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून घोड्यांची कार्डं केली, ती लावायला सागाची फळी रंधून घेतली, ओल्या-सुक्या मैदानाच्या खुणांसाठी रंग कालवले. सगळं या हातांनी. विलायतेतल्या अडथळ्यांच्या शर्यती वाचायलाही कुणी शिकवलं नाही. मोबाइल आणि शब्दकोश घेऊन बसलो, शिकलो.

आज संध्याकाळी हितेशभाई आले. वापीतले त्यांचे लोक या शर्यतींवर पैसे लावतात, म्हणून माझे अंदाज हवेत. फळीवर चौथ्या शर्यतीची जागा रिकामी बघून म्हणाले, "अविनाशभाई, इथला घोडा पळून गेला की काय?"

म्हटलं, तिकडे रात्रभर पाऊस झालाय, आणि यातला एकही घोडा आजवर चिखलात कुंपणं ओलांडून आलेला नाही. कुणाचं नाव सांगू?

"अरे, एक ठोकून द्या ना! गिऱ्हाइकाला रिकामी जागा चालत नाही."

ठोकून द्या म्हणे! माझी अर्धी विद्या त्या रिकाम्या जागेत आहे, हे यांना कोण सांगणार?

ते गेल्यावर सुमन कप उचलताना म्हणाली, "अहो, निदान विचार करतो म्हणायचं. घराला पैसे नको होते का?" हवे होते. हट्टी आहे का मी? असेन. पण न वाचलेला घोडा माझ्या नावावर पळणार नाही.

दर शर्यतीला एक नाव, या बोलीवर हितेशभाई महिन्याला वीस हजार देऊ करत होते. तोंडावर नाही म्हटलं.