आईच्या खोलीतला पेशंट

ती. सौ. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे आईच्या आग्रहावरून लिहिलं आहे. प्रत्यक्षात मला गेल्या दोन आठवड्यांपासून वाकता येत नाही. त्याचं कारण पुढे येईल.) तू, भावोजी आणि छोटी बरी असाल. छोटीचा खोकला थांबला का? आई तुला हे रोज फोनवर विचारते, पण तिच्या मते खोकल्याची चौकशी लेखीही असावी. इथे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा रक्तदाब १३०/८०. माझा तिने घेतला नाही, मी स्वस्थ बसत नाही म्हणे.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर माझं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत तुझे दोन निर्णय झालेले असतात. (हा दोष म्हणून लिहीत नाही. मुख्याध्यापिकेला ते करावंच लागत असेल.) शिवाय पत्रात तुला फार तर लाल शाईने माझं शुद्धलेखन सुधारता येईल, मला थांबवता येणार नाही.

पुढच्या एक तारखेपासून आई कायमची तुझ्याकडे राहायला येणार, हे आपण दोघींनी ठरवलं. तू म्हणालीस, हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून ती दिवसभर एकटी खिडकीत बसून असते. मी म्हणाले, बरोबर आहे. तू म्हणालीस, तुझ्याकडे माणसांची ये-जा आहे, छोटी आहे, नुकतीच रंगवलेली मोकळी खोली आहे. मी म्हणाले, बरोबर आहे. आई म्हणाली, ‘तुम्ही ठरवाल तसं,’ आणि हा आपण होकार धरला. एकूण नऊ मिनिटं लागली. एवढा वेळ मी चप्पल घेतानाही लावते. त्यानंतर इथे काही गोष्टी घडल्या, त्या तुला कळवणं मला भाग आहे.

मी एक संगणक बांधायला घेतला. पुलावर वारा आदळला की पूल किती हलतो, ही माझी रोजची गणितं. ऑफिसने दिलेल्या यंत्रावर एका गणिताला अकरा तास लागतात, आणि त्याचा पंखा असा ओरडतो की शेजारच्या खोलीतून आई ‘तो मिक्सर बंद कर’ म्हणते. म्हणून हा नवा संगणक पाण्याने थंड होणारा. तापणाऱ्या भागावर तांब्याची पोकळ चकती बसवायची, तिच्यातून पंपाने पाणी फिरवायचं, ते गाडीत असतो तसल्या रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत येतं. इथपर्यंत सगळं शास्त्र आहे. आतले एकशेवीस रंगीत दिवे मात्र शास्त्र नाहीत. ते मला हवे होते. याहून जास्त खुलासा मी देणार नाही.

घरातली सगळ्यात थंड भिंत आईच्या खोलीत आहे. (आठवडाभर मोजून पाहिलं, फरक दोन अंशांचा.) आई एक तारखेला जाणार, तेव्हा खोली रिकामीच होणार, म्हणून मी अठ्ठावीस दिवस आधीच माझं टेबल तिथे नेलं. हे वाचायला बरं दिसत नाही, हे मला आता कळतंय. नेताना कळलं नव्हतं. टेबलाचं दुसरं टोक आईनेच धरलं होतं, आणि ‘माझी खाट सरकव थोडी, तुला कोपर टेकायला जागा नको का’ असंही तीच म्हणाली.

पाणी फिरवायला मी कडक ॲक्रिलिकच्या नळ्या आणल्या होत्या. त्या गरम हवेने तापवून काटकोनात वळवायच्या असतात. पहिली जळली. दुसरी चपटी झाली. तिसरी सत्त्याऐंशी अंशांत वळली. चौथी बरोबर नव्वद अंशांत वळली, पण भलत्या दिशेला. पाचवी मी स्वतः मोडली, तिची गणना अपघातात करू नये. आई खाटेवर बसून पाहत होती. गेल्या चार महिन्यांत ती खिडकी सोडून दुसरीकडे पाहताना मला तेव्हा पहिल्यांदा दिसली, पण माझं लक्ष नळीकडे होतं. ती म्हणाली, ‘मऊ नळी का नाही आणलीस? पेशंट हलतो.’ मी म्हटलं, हा पेशंट नाही आणि हा हलतही नाही. ‘सगळे हलतात गं,’ ती म्हणाली, ‘फक्त सांगत नाहीत.’ दुसऱ्या दिवशी मी मऊ नळ्या आणल्या. (तिच्या सांगण्यावरून नव्हे. कडक संपल्या होत्या.)

पाण्याच्या जागी घालायचा द्रव मी लाल निवडला होता. पारदर्शक नळीतून लाल द्रव वाहताना फार देखणा दिसतो, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. आईने बाटली उजेडात धरली, बूच बंद केलं आणि परत माझ्या हातात दिली. ‘छत्तीस वर्षं पाहिलंय, आता घरात नको.’ मी रंगहीन द्रव आणला.

आता मुख्य नामुष्की. सगळी जोडणी झाली, द्रव भरला, बाकी यंत्र बंद ठेवून फक्त पंप सुरू केला. पंप घोंघावला, द्रव जागचा हलला नाही. मी पंप बंद केला आणि विजेचा दाब तपासला, तारा तपासल्या, निर्मात्याची पुस्तिका तीन भाषांत वाचली. दोन तास गेले. आई उठली, चष्मा लावला आणि म्हणाली, ‘परत लाव बरं एकदा.’ नळीवर दोन बोटं ठेवून तिने घड्याळात पाहिलं. ‘नाडी लागत नाही.’ मग पंपावर बोट ठेवून विचारलं, ‘येतं कुठून आणि जातं कुठे?’ मी माझा आराखडा दाखवला. प्रमाणबद्ध, मापांसकट, तारीख घातलेला. तिने आराखडा बाजूला ठेवला. ‘कागदावर नको, पेशंटवर दाखव. हा बाण बघ. बाण या बाजूला, आणि तू जाणारी नळी त्या बाजूला लावली आहेस.’ झालं होतं असं, की आराखडा मी समोरून काढला होता आणि जोडणी मागून केली होती. पाच वर्षं अभियांत्रिकी शिकून आणि चार वर्षं तिच्यावर पोट भरून मी डावं-उजवं चुकले. आईने फक्त मला पाणी आणून दिलं. तेच जास्त लागलं.

नळ्या बदलल्यावर द्रव फिरला, पण आत हवेचे बुडबुडे राहिले. मी म्हटलं, दोन दिवसांत आपोआप जातील. आई म्हणाली, ‘नळीत हवा ठेवून मी आजवर घरी गेलेली नाही.’ मग तिने नळीवर नखाने टिचक्या मारायला सुरुवात केली, बुडबुडा वर सरकवत. मला हुकूम सुटले. ‘डावी बाजू उचल. अजून. धर तशीच. श्वास घे, रोखू नकोस.’ हे यंत्र एकोणीस किलोचं आहे आणि ते मी अकरा मिनिटं तिरकं धरून उभी होते. (साष्टांगाची अडचण ती हीच. पेशंट हलतो, हे मला तेव्हा कमरेतून पटलं.) शेवटचा बुडबुडा निघाला तेव्हा तिने यंत्राच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाली, ‘शहाणा आहेस.’ मला ती हे शेवटचं कधी म्हणाली होती ते मी आठवून पाहिलं. दहावीला.

यानंतर बारा तास गळतीची चाचणी करायची असते. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागदी रुमाल ठेवायचा, पंप चालू ठेवायचा आणि डाग पडतो का ते पाहायचं. मी अधूनमधून डोकावणार होते. आईने मात्र वहीचं पान आखलं: वेळ, सांधा, कोरडा की ओला, सही. सकाळी आठ ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला. मी सही न करता पुढे गेले तर मागे बोलावत होती. साडेचारच्या नोंदीत लिहिलं आहे: ‘खालचा सांधा, दोन थेंब, डॉक्टरांना कळवले.’ डॉक्टर म्हणजे मी. त्या सांध्यातली रबरी रिंग बसवताना चिरली होती. यंत्र सुरू करून मग कळलं असतं तर वर्षभराची बचत पाण्यात गेली असती, अगदी शब्दशः.

नवी रिंग आणायला आम्ही दोघी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तिथे दर्शनी काचेमागे एक तयार यंत्र झगमगत उभं होतं आणि त्याच्या नळ्यांतून गुडगुड आवाज येत होता. आई त्याच्यासमोर थांबली. ‘यात हवा आहे.’ दुकानदार म्हणाला, ‘असू द्या हो काकू, बुडबुडे छान दिसतात, गिऱ्हाइकं थांबतात.’ आई म्हणाली, ‘छान? वॉर्डात हे दिसलं असतं तर तुला दाराबाहेर उभा केला असता.’ मग तिने पर्स माझ्याकडे दिली आणि बाह्या सारल्या. वीस मिनिटांत ते यंत्र गप्प झालं. दुकानदारही. आणखी पाच मिनिटांनी तो तिला सिस्टर म्हणू लागला होता, दहा मिनिटांनी त्याने आतून आणखी दोन यंत्रं आणली आणि मला विचारलं, ‘तुम्ही सिस्टरांच्या हाताखाली का?’ मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

दिव्यांचंही सांगून टाकते. सगळं जोडून मी ते पहिल्यांदा लावले तेव्हा ते आपोआप लाल-निळे, लाल-निळे असे लुकलुकले. आई स्वयंपाकघरात होती. पुढच्या क्षणी ती चपला घालून, केस बांधून, दार उघडून उभी, आणि विचारते, ‘कुठे आहे?’ रुग्णवाहिका आली असं तिला वाटलं होतं. आम्ही दोघी एवढ्या हसलो की मला कमरेचं दुखणं आठवलं. आता दिवे फिकट पिवळे असतात, संथ, ती वाचत असताना निम्मे. हा रंग मी निवडलेल्या सोळा रंगांत नव्हता.

यंत्र उत्तम चालतं. अकरा तासांचं गणित दोन तास चाळीस मिनिटांत होतं. मिक्सरची तक्रार नाही. आई दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दुकानात जाते, येताना मला पेशंटची हकीकत सांगते, आणि कुठल्या पोराने नळी कशी मुरगळली होती ते हातवारे करून दाखवते. तिची तुझ्याकडे यायची बॅग भरून तयार आहे, असं मी तुला कळवणार होते. पण मी ती मोजली. (वजनकाटा हाताशी होता.) तीन आठवड्यांपूर्वी बॅग चौदा किलो होती, आज साडेनऊ आहे. आधी त्यातून टॉर्च निघाला, मग सेकंदकाट्याचं घड्याळ, मग कामाचे बूट, आणि परवा दोन सुती साड्या. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. आकडे फक्त तुझ्यासमोर ठेवते.

भावोजींना नमस्कार. छोटीला गोड पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. यंत्रातला द्रव भरल्यापासून पहिला महिनाभर जाणकार माणसाने रोज पाहावा लागतो. तेव्हा आईचं येणं महिनाभर पुढे ढकलता येईल का? कारण निव्वळ तांत्रिक आहे.

ता. क. २. वरचं कारण खोटं आहे. द्रव वर्षभर कोणी पाहिला नाही तरी चालतो. ताई, तू तिच्या भल्याचंच ठरवलंस, आणि मी नऊ मिनिटं मान हलवली, कारण नको म्हणायला मला काही सबळ कारण सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. संध्याकाळी दार उघडल्यावर आतून ‘आलीस का’ ऐकू येतं, हे कारण म्हणून कुठल्या रकान्यात लिहितात ते मला माहीत नाही. तिला कायमची नेऊ नकोस.

ता. क. ३. थोरलीस अनेक आशीर्वाद. धाकटीने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पण पाकीट न चिकटवता. गोंद संपलाय म्हणाली. गोंदाची नवी बाटली परवा मीच आणली. ही लहानपणापासून अशीच, कुठे दुखतंय ते सांगणार नाही, त्या कुशीवर झोपायचं तेवढं टाळेल. तर मी वाचलं. त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण मला वाटलं तुम्हा दोघींनाही तेच सोयीचं आहे. आता माझं मी ठरवलंय. छोटीच्या सुट्टीत पंधरा दिवस येईन, आणि परतीचं तिकीट काढूनच येईन. रंगवलेली खोली छोटीला दे, तिला आता स्वतःची लागेलच. तिला कोमट पाणी पाज. तुला राग येईल, माहीत आहे. आला की लगेच फोन कर, मनात ठेवू नकोस. फक्त मंगळवार-शुक्रवारची दुपार सोडून. तेव्हा मी कामावर असते.