पाण्याआधी

भाऊजी,

सगळ्यांआधी पाळकीणबाई आल्या, चहात दोनदा साखर मागून घेतली, त्यांच्यामागून चर्चचे पाळक आले. ह्यांच्या बाप्तिस्म्यासाठी पांढरा सदरा मी इस्त्री करून ठेवलेला. हे अंथरुणातूनच म्हणाले, "आधी धाकट्या भावाची माफी मागतो. मनात अबोला ठेवून नुसतं डोकं कशाला भिजवू?"

पाळकीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमचा म्हातारा आमच्या पुढे गेला की!"

मी इतकी वर्षं देवळात पहिल्या बाकावर बसले, मला हे कधी सुचलं नाही. आनंद झालाय हे कळतं, जाणवत काहीच नाही. बधिर झालेय.

तुम्हाला बोलावते म्हटलं, तर हे ओरडले, "खबरदार! चूक माझी, मीच जाणार." अन् उठून बसवत नाही. म्हणून लिहिते, पण टपालपेटीत टाकणार नाही.

बाप्तिस्मा न देताच पाळक गेले, रविवारी परत येतो म्हणालेत.

तुमची वहिनी