लाल दोऱ्याची सात कणसं

१२ डिसेंबर ९३, रविवार. झरी

बसूचं पत्र. अण्णाला जाऊन ६ फेब्रु.ला वर्ष होईल. त्या दिवशी पुण्यस्मरण आणि अण्णावर पुस्तक. 'आत्या, बाबांचं लहानपणापासूनचं तुझ्याशिवाय कोणाला माहीत? जमेल तसं लिहून दे.' माझ्या भावाचा हा पोरगा, परभणीत वकील झाला तरी त्याला वाटतं आत्या म्हणजे कणगी, हात घातला की पायली निघते.

मी शाळा पाहिलेली नाही. अण्णा उर्दूत शिकून हैदराबादेला गेला. माझं बाराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन परत झरीला. अक्षर शिकले ते बसूच्या अंकलिपीवरून, चुलीपुढं, पस्तिशीत. वाकडी का होईना, पोळी ती पोळीच.

१५ डिसें.

पहाटे अंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. अर्धा तास. तेवढ्यात माझ्या हातून भांडं वाजलं तर अण्णा दिवसभर बोलायचा नाही. रागावणं त्याला येत नव्हतं, गप्प बसणं यायचं. जेवणाचं ताट सारायचा. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या.

मग त्याच पांढऱ्या कपाळानं शेतात. ज्वारी-संशोधनाच्या नोकरीतून रिटायर झाला, पण शास्त्रज्ञ कुठं रिटायर होतोय. म्हणायचा, "पारू, आता वर साहेब नाही. खरी नोकरी आता." ओढ्याकडच्या पट्टीत त्याची ज्वारी. शेकड्यातली दोन-तीन कणसं निवडायची, पुढच्या साली त्यांचंच बी पेरायचं. पाणी कमी लागावं, भाकरी गोड व्हावी, कडबा गुरांनी आवडीनं खावा, तिन्ही एकाच ताटात. "बीजात परमेश्वर आहे, पण चिठ्ठी आपल्यालाच बांधावी लागते."

एवढं बसूला पाठवण्यासारखं. पुढचं हात लिहीना.

२० डिसें.

बसू मोटारसायकलवर आला, लिहिलेले कागद घेऊन. ओट्यावर बसून वाचून दाखवले. चांगलं लिहितो. ७८ सालचं पण लिहिलंय. नामांतराच्या पायी गावोगाव घरं जळायली होती, तेव्हा अण्णा आमच्या राखणदाराच्या, किसनच्या झोपडीपुढं विभूती लावून उभा राहिला. 'आधी मला पेटवा' म्हणाला. खरं आहे. मी पाहिलंय. जमाव परत गेला.

त्याच्या खालीच — 'त्याच हिवाळ्यात राखणदारानं बाबांची निवडलेली सात कणसं चोरली. नऊ वर्षांची मेहनत गेली. बाबा खचले नाहीत.'

मी म्हणाले, चहा टाकते.

"आत्या, बरं नाही का वाटत तुला?"

२१ डिसें.

ही वही कोण वाचतंय. लिहूनच टाकते. कणसं मी तोडली.

शोभाला, बसूच्या बहिणीला, पाहायला पाव्हणे आले होते. अण्णा कामासाठी अकोल्याला. पाव्हण्यांना हुरडा खायचा होता. आमचं बाकीचं रान निबर झालेलं, दाणा दाताखाली कटकन वाजायचा. फक्त अण्णाच्या पट्टीत दूध होतं. ज्वारीच्या सात ताटांना लाल दोरा. मला वाटलं, दोरा बांधलाय म्हणजे चांगली असतील, पाव्हण्यांना चांगलंच द्यावं. खरंच एवढंच वाटलं. बी काय, घरात असेलच की, असंही वाटलं. किसनला गूळ आणायला गावात पिटाळलं. कणसं आगटीत शेकली, दोरे पण त्याच आगीत. पाव्हणे म्हणाले असा गोड हुरडा जन्मात खाल्ला नाही. शोभाचं जमलं.

अण्णा परत आला. पट्टीतून घरी आला तो रिकाम्या हातानं. पारावर किसनला बोलावलं, गाव जमलं.

"राखण सोडून कुठं गेला होतास?"

"आक्कानी गूळ आणाया धाडलंतं, मालक."

अण्णानं माझ्याकडं पाहिलं. "पारू, तू धाडलंस?"

मी म्हणाले, "मी कशाला धाडू?"

बास. एवढंच. तीन शब्द.

अण्णा शांतपणे म्हणाला, उद्यापासून येऊ नको. कोणीतरी मागून ओरडलं, "घर वाचवलं त्याचंच चोरलं!" लोक हसले. आठवड्यानं किसन बायकोच्या गावी निघून गेला. आमच्याकडं कोणी त्याला कामावर घेईना.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरीणच न्यायाला बसली होती.

२२ डिसें.

पहिल्या दिवशी भीतीनं खोटं बोलले. अण्णा ताट सारील, पाव्हणे सोयरीक मोडतील. पुढची चौदा वर्षं कशानं? अण्णानं जुन्या बियांवरून परत सुरू केलं, पाच वर्षं मागं जाऊन. वाण काही पूर्ण झाला नाही. शेवटी अंथरुणावर म्हणायचा, "तेवढी सात राहिली असती, पारू." मी पाय चेपत होते. चेपतच राहिले.

त्याच पट्टीत त्याला मांडी घालून बसवलं, समाधी दिली. तिकडं मी वर्षभर गेले नाही. बसूला वाटतं गुडघे दुखतात.

१० जाने. ९४

पॅसेंजरनं चुडाव्याला गेले. स्टेशनमागं गयाबाईचं घर, किसनची बायको. ओळखलं नाही आधी. मग ओळखलं.

"किसन कुठाय?"

"त्याला जाऊन चार साल झाले आक्का. तुमी आता आलाव."

उभ्या उभ्या सांगितलं सगळं. रडू आलं मला, तिला नाही. ती ऐकत होती अन् कोंबड्यांना कण्या टाकत होती.

"हे मला कशाला सांगायलाव? मला ठाव हाय तो चोर नव्हता. मी त्याची बायको हाय."

मग म्हणाली, "मरंपर्यंत म्हनायचा, आक्का इसरल्या असतील, त्यांना आठवलं की सांगतील. असा येडा."

पुस्तकाचं सांगितलं. म्हणाली, "आमचं घर वाचवलं ते छापायलेत ना? मग आमी घर सोडून का गेलो, ते बी छापा की. ज्यांच्यापुढं चोर केलाव, त्यांच्यापुढं सांगा. मी येते ऐकाया."

परतीच्या गाडीत कोणी शेंगा दिल्या. सोलल्या, खाल्ल्या नाहीत.

१६ जाने.

परवा रेडिओवर नामविस्ताराची बातमी. परभणीत कुठं गुलाल, कुठं दुकानं बंद. बसूला सगळं सांगितलं. त्यानं टेबलावरच्या पेनला टोपण लावलं.

"आत्या, बाबांनी निरपराध माणसाला हाकललं, असं बाबांच्याच पुस्तकात लिहू?"

"त्याला माहीत नव्हतं. मला होतं. माझं लिही."

"आत्ता? या दिवसांत? लोक काय काय अर्थ काढतील." मग हळू आवाजात, "चोरीची ओळ मी काढतो. एवढं बास?"

ओळ काढली की किसनच निघून गेला पुस्तकातून. चोर नाही अन् माणूसही नाही. मी नाही म्हणाले. शेवटी तो म्हणाला, "मग तू कार्यक्रमात दोन शब्द बोल. तुझी आठवण म्हणून. गोड करून सांग, तुला येतं."

येतं. तेच तर.

६ फेब्रु., रविवार

झालं.

मांडव भरलेला. जंगमांची पूजा, हार, अण्णाच्या ऑफिसातले जुने लोक. गयाबाई आली होती. मागं, खांबाला टेकून. मी माईकपुढं गेले. सुरू झाले तशी जीभ सैल झाली. म्हणाले, शास्त्रज्ञ भावानं नऊ वर्षं जपलं ते बहिणीनं अर्ध्या तासात पाव्हण्यांना खाऊ घातलं. हशा. म्हणाले, अण्णा गावभर चोर शोधायला, अन् चोरीण घरात त्याला भाकरी वाढायली. केवढा हशा. अण्णाच्या ऑफिसातले लोक डोळे पुसायला लागले हसून हसून. टाळ्या.

आता किसनचं नाव घ्यायचं होतं. तोंडात आलं होतं. पण समोर सगळे इतके खुश — असे लोक माझ्याकडं बघून कधी हसले नव्हते. बसू आला, "अशी आमची आत्या!" म्हणाला, माईक घेतला.

खरं लिहायचं तर त्यानं घेतला नाही. मी दिला.

पंगत बसली तेव्हा गयाबाई नव्हती.

८ फेब्रु., मंगळवार

चुडावा. ती दारात तांदूळ निवडत बसलेली. वर पाहिलं नाही.

"हसले ना समदे?"

"हसले."

"त्या दिशी पारावर बी हसले होते. मला वाटलं, औंदा न्हाई हसायचे."

मी म्हणाले, शनिवारी झरीचा बाजार. पारावर गाव असतं. तिथं उभी राहते, नाव घेऊन सांगते. गोड करून नाही.

"मी न्हाई येनार," ती म्हणाली. "एकडाव आले. सांगून झालं तर या. न्हाई झालं तर येऊ नका."

बस म्हणाली नाही. जा पण म्हणाली नाही. मीच निघाले.

आज मंगळवार. मधे तीन दिवस आहेत, अन् मी मला ओळखून आहे.