इथे काहीही दुखत नाही

मंगळवार, ४ तारीख
आमच्या तान्ह्या बाईसाहेबांना दात आला. खालचा, मधला. गेले दोन आठवडे मी ठामपणे सांगत होते की ही नुसती लाळ आहे, दाताला अजून अवकाश आहे. आज सासूबाई चमच्याने पाणी पाजत होत्या, तर 'टक्' असं वाजलं. मुलांच्या दातांची डॉक्टर या घरात मी आहे, पण फोन करकरून बातमी दिली सासूबाईंनी. देऊ देत. चमच्याच्या आवाजावरून निदान करायला मला कॉलेजात शिकवलेलं नाही.

आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं. लगेच रडारड. आता चावेल बघ, माझा फार चावायचा, मला तर दूधच तोडावं लागलं. हसू आलं. मी दिवसभर चावऱ्या पोरांच्या तोंडात बोटं घालते. आजवर एकही पोर मला चावलेलं नाही. (डाव्या अंगठ्यावरचा व्रण धरायचा नाही. त्या मुलाला शिंक आली होती.) क्लिनिकच्या भिंतीवर पाटीच आहे: 'इथे काहीही दुखत नाही.' मजकूर माझाच.

संकल्प: वर्षाची होईपर्यंत अंगावरच पाजायचं. आरडाओरडा न करता.

गुरुवार, ६
चावली.

मी ओरडले नाही. जो आवाज झाला तो आश्चर्याचा होता. वरच्या मजल्यावरच्या बाई जिना उतरून विचारायला आल्या, कुणी पडलं का म्हणून. लोकांना कामं नाहीत.

नवरा म्हणाला, एवढासा तर दात, तांदळाच्या दाण्याएवढा. म्हटलं, घाल बोट. घातलं. मग बराच वेळ बेसिनपाशी नळाखाली बोट धरून उभा होता.

शुक्रवार, ७
शास्त्रीय पद्धत सुरू. क्लिनिकमध्ये वापरते तीच: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. समोर बसवून सांगितलं की पिणं वेगळं आणि चावणं वेगळं. पिताना जीभ खालच्या दातावर असते, त्यामुळे चावताच येत नाही, हेही समजावलं. 'आ' करून दाखवला. तिने माझ्या तोंडात मूठ घातली. म्हणजे समजलं.

पोट भरेपर्यंत शहाण्यासारखी प्यायली. मग माझ्याकडे बघून हसली आणि चावली.

संध्याकाळी हिरड्यांसाठी रबरी कडी आणली. दुकानातल्या सगळ्या कड्या दाबून, वाकवून पाहिल्या, दुकानदार वैतागला. बाईसाहेबांनी ती पलंगावर भिरकावली आणि सासूबाईंच्या चष्म्याची दोरी चघळत बसल्या. सासूबाई म्हणाल्या, चावली तरी ओरडू नकोस गं, घाबरते ती. यांनी एकच मूल वाढवलंय, आणि ते कसं झालंय हे मी रोज बघते.

रविवार, ९
आज ठेवणीतला आवाज काढला. या आवाजाने वेटिंग रूममधले बापसुद्धा पाय जवळ घेऊन बसतात. ती चावली त्याच क्षणी: 'नाही!' एकदाच. बाईसाहेबांनी तोंड सोडलं, खालचा ओठ बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं आणि असा हंबरडा फोडला की नवरा अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून धावत आला.

शिस्त म्हटली की थोडं असं व्हायचंच.

सोमवार, १०
यश! दिवसभरात एकदाही चावली नाही.

(प्यायलीही नाही. पण प्रश्न चावण्याचा होता.)

मंगळवार, ११
आजही नाही. मी पंपाने काढून ठेवलेलं दूध ती सासूबाईंच्या मांडीवर बसून वाटीने गटागटा पिते. निष्कर्ष: तिने आपणहून अंगावरचं सोडलं. स्वावलंबी आहे, माझ्यावर गेलीय. ग्रुपवर लिहिलं, आमच्याकडे बाई सगळं शांतपणे पार पडलं. कुणी काही बोललं नाही. जळतात.

आता संध्याकाळचं क्लिनिक पुन्हा सुरू करीन. पुस्तकं वाचीन. पुढे बटणं नसलेले कपडे घालीन.

बुधवार, १२
छातीचे दगड झालेत. सकाळी पंप घेऊन बाथरूममध्ये बसले, तर बाहेरून तिच्या खिदळण्याचा आवाज. कुणाच्याही मांडीवर जाते. सासूबाई, नवरा, वरच्या मजल्यावरच्या त्या रिकामटेकड्या बाईसुद्धा. फक्त मी पाजायला आडवी घेतली की अंगाची कमान करते आणि किंचाळते.

दुपारी क्लिनिकमध्ये पाचेक वर्षांची एक मुलगी तोंड उघडेना. सवयीने म्हटलं, काही दुखत नाही. तिने ओठ गच्च मिटले आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी सकाळीच पाहिली होती, माझ्या मांडीवर.

माझी मुलगी मला घाबरते.

डोळ्यांत पाणी आलं. स्पिरिटचा वास फार उग्र होता. नवी बाटली असणार.

गुरुवार, १३
मी तुला सांगितलं होतं, असं सासूबाई म्हणाल्या नाहीत. सकाळपासून झोपेपर्यंत एकदाही म्हणाल्या नाहीत. किती कावेबाज असावं माणसाने.

शनिवार, १५, दुपार
क्लिनिक बंद ठेवलं. ती पलंगावर पेंगत होती, शेजारी जाऊन पडले. बोलावलं नाही, समजावलं नाही, 'आ' करून दाखवला नाही. कुर्ता वर करून नुसती पडून राहिले. तिने झोपेतच हाताने चाचपलं, नाक घासलं आणि लागली प्यायला. असा पान्हा फुटला की चादर भिजली. मी रडले. घरात स्पिरिट नाही.

पिऊन झाल्यावर थांबली. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. एक डोळा उघडून, माझ्याकडे नीट बघत चावली. उशाशी जे हाताला लागलं ते मी तोंडात कोंबलं आणि ओरडले नाही. करंगळी हळूच तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून सोडवून घेतलं. ती हसली. मीही हसले, तोंड भरलेलं असताना हसता येईल तेवढं.

दुखतं. भयंकर दुखतं. सोमवारी क्लिनिकमधली ती पाटी काढायची. भिंतीला रंग द्यायचाच होता.

रविवार, १६
सकाळी चादर बदलताना सासूबाईंना रबरी कडी सापडली. वरच्या नि खालच्या दातांच्या अख्ख्या रांगा उमटलेल्या. कडी उजेडात धरून विचारलं, ही कुणी चावली. मी बाईसाहेबांचं नाव सांगितलं.

त्या म्हणाल्या, तिला एकच दात आहे.