जळेल तेवढंच

बाबा, काल भाऊबीजेला मामा आला होता, आणि त्याच्या एका वाक्याने आपलं घर कितीतरी वर्षं मागे गेलं. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला, तरी काही झालं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटतं. ही माझी जुनी खोड. कॉलेज सुटलं की मी उल्हासनगरला तुमच्या दुकानात यायची ती त्यासाठीच. बदलापूरला स्कूटरवरून एकत्र जायचं हा नुसता बहाणा.

ते दुकान मला अजून दिसतं. गल्ल्यावर सिंधी शेठ, आणि आत तुम्ही. इंजिनाला डिझेल पुरवणारा टेम्पोचा पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर चढवलेला असतो, मोटर फिरते आणि काचेच्या चार नळ्यांत डिझेल चढत जातं. चारही नळ्यांत सारखं भरेपर्यंत तुम्ही जागचे हलत नाही. सगळ्यात शेवटी तो एक पेच, इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळेल हे ठरवणारा. तो बसवला की तार ओवून त्यावर शिशाचं सील दाबायचं. ड्रायव्हर लोकांचा डोळा त्या पेचावर. "मास्टर, थोडं डिझेल वाढवा ना, माल भरला की गाडी ओढतच नाय." तुमचं उत्तर ठरलेलं, "हवा तेवढीच आहे. जळेल तेवढंच द्यायचं, बाकीचा नुसता धूर." घरी आई भात वाढायला लागली की तेच वाक्य. ती म्हणायची, "मी काय पंप वाटले का तुम्हाला?" आणि आणखी एक डाव वाढायची.

मामाने टेम्पो घेतला तेव्हा आईला आकाश ठेंगणं झालं होतं. आई-वडिलांच्या मागे तिनेच त्याला वाढवलेलं. भाऊ कमी आणि लेक जास्त. वांगणीहून विटा भरून तो अंबरनाथ, उल्हासनगरला टाकायचा. पंपाचं काम अर्थातच तुम्ही केलंत. "दाजी, घरच्या माणसाला तरी वाढवून द्या," तो म्हणाला, आणि तुम्ही त्याच्या देखत सील दाबलंत. काही महिन्यांनी काळा धूर ओकत टेम्पो रस्त्यातच बंद पडला. पिस्टन जळून गेला होता. मामा आईपुढे बसून रडला, दाजींनी सेटिंग बिघडवली म्हणून. आईने ते खरं धरलं. भाऊ समोर रडत असताना तिला दुसरं काय दिसणार?

पंप उतरवून दुकानात आणला त्या दिवशी मी तिथेच होते. सील तोडलेलं, पेचाच्या खाचेवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे. शेठ वाकून बघत म्हणाला, "साईं, ये तो आपके साले ने खुद घुमाया है. घर में बोल दो." तुम्ही नुसते हसलात आणि पंप पुसायला घेतलात. घरी येताना मी मागून विचारलं, "आईला सांगाल ना?" तुम्ही अंबरनाथच्या गर्दीतून स्कूटर काढलीत. मग म्हणालात, "माझ्यावर चिडली तरी ती मला जेवायला वाढणारच आहे. त्याच्यावर चिडली तर तो कुठे जाईल?"

तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. पुढे वाटेनासा झाला. घरात भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवट ठरलेला, "माझ्या भावाचं इंजिन खाल्लंत." तुम्ही मान खाली घालून जेवत राहायचात. शेवटच्या आजारपणात औषध देता देता ती एकदा तेच बोलली, आणि मला वाटलं, आता तरी सांगा. तुम्ही गोळी गिळलीत आणि कूस बदललीत.

काल मामा पाटावर बसून मुलाच्या नव्या गाडीचं कौतुक सांगत होता. "सगळा कम्प्युटर आहे बघ. डिझेल किती जायचं ते तोच ठरवतो, फिरवायला पेचच नाय. तेव्हा असं असतं तर माझा हात तिकडे गेलाच नसता." आई निरांजन लावत होती. "कुठे गेला नसता हात?" तिने विचारलं. मामाने सगळं सांगून टाकलं, सील कसं तोडलं तेसुद्धा. मला वाटलं, ती ताट ठेवून आत जाईल. तिने त्याला नीट ओवाळलं, पोटभर वाढलं, आणि तो गेल्यावर ओट्याला टेकून रडली. रागावली ती तुमच्यावर. "एवढं बोलू दिलं मला त्या माणसाने. एकदा तरी गप्प बस म्हणायचं होतं. आता कुणापाशी जाऊन शब्द मागे घेऊ?" बाबा, तुम्ही तिचा भाऊ राखलात, पण तिला माफी मागायला जागा ठेवली नाहीत, आणि याचा मला फार राग आलाय.

ऑफिसात बसून लिहिलेले हे कागद मी इथेच फाडून टाकणार आहे. घरी नेले तर आई चष्मा शोधायला माझी पर्स उघडते, आणि तिच्या हाती लागून चालायचं नाही. कारण काल डोळे पुसून झाल्यावर तिने मला विचारलं, "तू तर रोज दुकानात जायचीस. तुला ठाऊक होतं?" मी तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं.