निःस्वार्थ माणसाचा फोटो

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या मोहल्ल्यातल्या वकिलांकडे जाऊन आलो. सक्करदऱ्यात आमच्या गल्लीमागचा नाला उघडाच पडला आहे, त्यावर जनहित याचिका करायचं माझ्या मनात आहे. विचारलं, "नाला माझ्या घराला लागून नाही. मग मले करता येते का?"

"येते ना काका. जनहितासाठी कोणीही जाऊ शकते. फक्त शपथेवर लिहून द्या का यात तुमचा काही स्वार्थ नाही. प्रसिद्धीचासुद्धा नाही."

सोपं होतं. पेन काढायला खिशात हात घातला, तर सकाळी स्टुडिओतून आणलेला फोटो हाताला लागला. पेपरात लागेल म्हणून कोट घालून काढला होता. सही न करताच उठलो.

पण यात स्वार्थ कसला? पेपरवाले मोबाइलवर काढतात, त्यात माझं टक्कल चमकतं. म्हणजे फोटो बातमीच्या भल्यासाठीच, नाही का? रस्ताभर स्वतःला हेच समजावत आलो. पटलं नाही.

शेवटी बायकोला सांगितलं, "फोटो फाडतो अन् उद्या सही करून येतो."

ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "फाडा ना. पण सकाळी तुम्हीच मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला, खाली 'निःस्वार्थ समाजसेवक' लिहून, तो कसा फाडसान?"

मोबाइल उघडून पाहिलं. फोटोखाली एकच अंगठा होता. वकिलांचा, मी त्यांच्याकडे जायच्या तासभर आधीचा.